गोल काढून झाले, पण उतारा कळला का?

पत्र: मी सहावीला शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं उतारा मोठ्याने छान वाचतात, अडखळत नाहीत. पण वाचून झाल्यावर ‘असं का झालं?’ असं विचारलं की खाली बघतात, नाहीतर उताऱ्यातलंच एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवून देतात. एका प्रशिक्षणात माइंड मॅप (कल्पनांचा नकाशा) काढून घ्यायला सुचवलं होतं. काही महिने मी ते करते आहे. मुलांना मजा येते, वह्या रंगीत झाल्या आहेत, आकलनात मात्र मला फरक दिसत नाही. एका उताऱ्यावर अख्खा तास जातो. दोन-तीन मुलं तर मधे गोल काढून नुसती बसून राहतात. मुख्याध्यापक म्हणतात, तयार नकाशा फळ्यावर काढून द्या, वेळ वाचेल. हे चालू ठेवू की सोडून देऊ? ‘खारे वारे’ या उताऱ्यावरच्या दोन वह्यांचे फोटो सोबत पाठवते आहे. — एक वर्गशिक्षिका

ताई, नमस्कार.

सोडू नका. पण आत्ता चाललंय तसं चालूही ठेवू नका. फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण नुसत्या पत्रावरून मी बहुधा गुळगुळीत काहीतरी लिहिलं असतं.

दोन्ही वह्यांत पानाच्या मधोमध मोठा गोल आहे आणि त्यात ‘वारे’. त्यातून सूर्यकिरणांसारख्या रेघा निघाल्या आहेत आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एकेक शब्द आहे: जमीन, समुद्र, दिवस, रात्र, हवा, थंड, गरम. एका मुलीने समुद्राला निळा रंग देऊन होडीसुद्धा काढली आहे. शब्द सगळे बरोबर, एकही चुकलेला नाही. आणि उतारा अजिबात न कळताही हे चित्र काढता येतं. उताऱ्यातली नामं वेचायची आणि गोलाभोवती मांडायची, एवढ्यावर काम भागतं. तुमच्या मुलांनी तेच केलं. त्यात त्यांचा दोष नाही, चित्राने त्यांच्याकडे याहून जास्त काही मागितलंच नव्हतं.

मधे एक विषय, त्यातून फांद्या, फांदीवर एकेक शब्द आणि भरपूर रंग ही माइंड मॅपची पद्धत ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी 1974 पासून दूरचित्रवाणीवरून आणि पुस्तकांतून लोकप्रिय केली. भाषणाची तयारी करायची असेल, निबंधाआधी सुचेल ते कागदावर ओतायचं असेल, तर ती छान आहे. पण तिच्यात रेघेचा अर्थ ‘याचा त्याच्याशी काहीतरी संबंध आहे’ एवढाच. तो संबंध कोणता, हे ती विचारत नाही. तुमची मुलं नेमकी तिथेच अडकली आहेत.

तुम्हाला हवा आहे तो दुसरा प्रकार, संकल्पना नकाशा. 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानाची समज वर्षागणिक कशी बदलते याचा अभ्यास करत होते. मुलांच्या मुलाखतींचे गठ्ठे साचले आणि त्या ढिगातून एखाद्या मुलाला नेमकं काय कळलंय हे दिसेना. मग त्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या कल्पना चौकटींत लिहिल्या, दोन चौकटींमधे बाण काढला आणि त्या बाणावर संबंध सांगणारे शब्द लिहिले. म्हणजे हा नकाशा जन्माला आला तो मुलाच्या डोक्यात काय आहे ते मोठ्यांना दिसावं म्हणून. वही सजवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

बाणावरचा शब्द ही यातली मुख्य गोष्ट. उरलेलं पत्र मी बरंचसं तिच्यावरच खर्च करणार आहे.

तुमचाच उतारा घेऊ. दिवसाचा भाग थोडक्यात असा: ‘दिवसा जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्या लगतची हवाही तापते. ती हलकी होऊन वर जाते. तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे येते. यांना खारे वारे म्हणतात.’ पुढे रात्रीचा भाग: जमीन लवकर थंड होते, पाणी मात्र बराच वेळ उबदार राहते, त्यामुळे वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, ते मतलई वारे.

आता मुलांना सांगा, रंग आणि स्केचपेन दप्तरात. पेन्सिल आणि खोडरबर एवढंच बाहेर. पहिल्या चौकटीत ‘जमीन’, दुसरीत ‘पाणी’. मधल्या बाणावर काय लिहायचं? मुलं आधी गप्प बसतील. बसू द्या. मग कुणीतरी ‘पेक्षा लवकर तापते’पर्यंत येईल. आता बाणाच्या दिशेने मोठ्याने वाचायला लावा: जमीन, पेक्षा लवकर तापते, पाणी. वाक्य होतंय का? नाही, गडबडलंय. मग ‘जमीन, लवकर तापते, पाण्यापेक्षा’ असं फिरवून घेतील. व्याकरणाची ही खटपट वाया जात नाही, मुलांचा विचार चालतो तो तिथेच. नियम एकच ठेवा: चौकट, बाण, चौकट हे ओळीने वाचलं की अर्थपूर्ण वाक्य झालं पाहिजे. होत नसेल तर तो बाण पुसायचा.

पुढे गंमत आहे. ‘ती हलकी होऊन वर जाते.’ ती म्हणजे कोण? तुमच्या वर्गात हा प्रश्न नक्की विचारून बघा. जमीनही स्त्रीलिंगी, हवाही स्त्रीलिंगी. मोठ्याने घडाघडा वाचणारं मूल या ‘ती’वरून सुसाट पुढे जातं आणि विचारलं तर ‘जमीन’ असं उत्तर देऊ शकतं. जमीन हलकी होऊन वर जाते! गोलाभोवती शब्द मांडणाऱ्या चित्रात हा घोटाळा कधीच उघडा पडला नसता, कारण तिथे ‘हलकी’ हा शब्द कुठेही टांगता येतो. बाण काढायचा म्हटलं की तो कुठल्या चौकटीतून निघतो हे ठरवावंच लागतं. सर्वनामाचा धनी शोधणं, वाक्यावाक्यांतली न लिहिलेली ‘म्हणून’ आणि ‘कारण’ भरून काढणं, याला आपण आकलन म्हणतो. वर दिलेल्या दिवसाच्या भागात ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ एकदाही आलेलं नाही, बघा. लेखकाने ते वाचणाऱ्यावर सोपवलं आहे. सराईत वाचक ते मनातल्या मनात घालतो आणि घातल्याचं त्याला कळतही नाही. मुलांना ते कागदावर घालायला लावायचं.

दिवसाचा नकाशा पुरा झाला की रात्रीचा भाग वाचून दाखवा आणि सांगा, नवीन नकाशा काढायचा नाही, याच नकाशात काय बदलेल ते सांगा. ज्यांना उमगलंय ती मुलं म्हणतील, जमिनीच्या जागी पाणी आणि पाण्याच्या जागी जमीन. बाणांवरचं जवळजवळ काहीच हलत नाही: उबदार भागावरची हवा हलकी होते, वर जाते, थंड भागावरची हवा तिथे येते. दोन वेगळ्या नावांचे वारे एकाच कारणाने वाहतात हे उताऱ्यात थेट कुठेही लिहिलेलं नाही, पण उताऱ्याचा गाभा तोच आहे.

मग एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर उताऱ्यात नाही. एखाद्या दिवशी जमीन आणि पाणी अगदी सारखंच तापलं तर? बाणांचा नकाशा समोर असलेलं मूल पहिल्या बाणावर बोट ठेवेल: हा बाण गेला, मग पुढचं काहीच होणार नाही, वारा वाहणार नाही. रंगीत गोल समोर असलेलं मूल होडीकडे बघत राहील. तुम्हाला फरक दिसत नाही म्हणता ना, तो मोजायला हा एक प्रश्न पुरेसा आहे.

आता मुख्याध्यापकांची सूचना. तयार नकाशा फळ्यावर काढून दिला तर वेळ वाचेल हे खरं. पण त्यात तुमचं आकलन मुलांच्या वहीत उतरेल, त्यांचं नाही. तरीही सुरुवातीला कोऱ्या कागदावर सोडू नये हेही तितकंच खरं, आणि गोल काढून बसून राहणाऱ्या त्या दोन-तीन मुलांसाठी तर नाहीच. मधला मार्ग आहे: अर्धा नकाशा द्या. मात्र कुठला अर्धा, हे महत्त्वाचं. बाजारातल्या बहुतेक कार्यपत्रिकांत बाण छापलेले असतात आणि चौकटी रिकाम्या. हे उलटं आहे. रिकाम्या चौकटीत उताऱ्यातला शब्द शोधून डकवता येतो, समजो न समजो. तुम्ही चौकटी भरून द्या आणि बाण रिकामे ठेवा. ‘गरम हवा’ आणि ‘वर जाणे’ यांच्यामधे काय लिहायचं ते पुस्तकात तयार सापडत नाही. चार-पाच उताऱ्यांनंतर चौकटीही कमी करत जा, मग कोरा कागद.

बसून राहणाऱ्या मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर कल्पना लिहून द्या आणि बाकावर हलवायला सांगा. रेघ मारली की चुकण्याची भीती असते, चिठ्ठी सरकवायला काही लागत नाही. बाणांवरचे शब्द घरच्या बोलीत लिहिले तरी चालतील. प्रमाण भाषेची दुरुस्ती नंतर, उत्तर लिहिताना करता येते.

पण त्याआधी या मुलांची एक तपासणी करा. तोच उतारा त्यांना तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. ऐकून कळत असेल आणि वाचून कळत नसेल, तर गाडी अक्षरओळखीत किंवा वाचनाच्या वेगात अडली आहे. अशा मुलाला नकाशा काढायला लावणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझं. त्याला रोज थोडं वाचनाचं काम द्या, सोबत बसून. ऐकूनही कळत नसेल तर शब्दसंपत्ती, वाक्यांची वळणं किंवा विषयाची ओळख कमी पडते आहे, आणि तिथे आधी गप्पा हव्यात, नकाशा मागाहून. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये हे फार सुटसुटीत मांडलं: वाचनाचं आकलन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. त्यांनी बेरीज घेतली नाही, गुणाकार घेतला. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही असून उत्तर शून्यच. नकाशाचा उपयोग मुख्यतः दुसऱ्या आकड्याला होतो. तुमची बहुतेक मुलं छान वाचतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी नकाशाच्या बाजूने बोलतो आहे. नाहीतर बोललो नसतो.

वेळेचं बोलू. अख्खा तास जातो तो रंगात आणि सुबक गोलांत जातो. पेन्सिलवर आलात की निम्मा वेळ तिथेच वाचेल. चौकटींवर मर्यादा घाला, सहा किंवा सात, त्याहून जास्त नाही. मर्यादा घातली की काय सोडायचं हे मुलांना ठरवावं लागतं, आणि मुख्य मुद्दा कोणता हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नाही. नकाशाच्या डोक्यावर एक प्रश्न लिहून द्या, ‘खारे वारे’ असा नुसता मथळा नको. ‘दिवसा समुद्राकडून वारा का येतो?’ असं लिहा. त्या प्रश्नाच्या उत्तरात ज्याचं काम नाही ते नकाशात येणार नाही, होडीसुद्धा. आणि हे रोज करू नका. आठवड्यातून एखादा उतारा पुरे, तोही ज्याची मांडणी गुंतागुंतीची आहे असा. सरळसोट उताऱ्याला नकाशा काढणं हे नुसतं काम वाढवणं आहे.

कवितेचा नकाशा मात्र काढून घेऊ नका, माझी विनंती समजा. कवितेतला सूर, उपहास, न बोललेलं काही बाणावर बसत नाही. बसवायला गेलं की कविता मरते. गोष्टीचं वेगळं. गोष्टीत कारणांच्या साखळीऐवजी माणसाच्या हव्या-नकोची साखळी असते: कुणाला काय हवं होतं, मधे काय आडवं आलं, त्याने काय केलं, त्यातून काय झालं. तिथे बाणांवर ‘म्हणून चिडून’, ‘असं वाटल्यामुळे’, ‘ठाऊक नसल्याने’ असे शब्द येऊ द्या. पात्राच्या मनातलं ओळखणं मुलांना सर्वांत जड जातं, आणि ते या शब्दांत दिसतं. तुलना असलेल्या उताऱ्याला दोन बाजू आणि मधे सारखेपणा अशी साधी मांडणी पुरते, तिथे बाणांचा हट्ट नको. घटनाक्रम असेल तर सरळ काळरेषा. मांडणी उताऱ्याच्या बांध्यावरून ठरवा. प्रत्येक उताऱ्याला एकच आकृती लावण्याची सवय मुलांना लागली तर ती पुन्हा विचार न करता आकृती भरतील.

आता एक गोष्ट जी प्रशिक्षणांत फारशी सांगत नाहीत. मुलं नकाशा काढताना पुस्तक उघडं असतं की बंद? तुमच्या फोटोत वहीशेजारी पुस्तक उघडं दिसतंय. 2011 मध्ये कार्पिकी आणि ब्लंट या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने विज्ञानाचा मजकूर समोर ठेवून संकल्पना नकाशा काढला. दुसऱ्याने मजकूर वाचला, बाजूला ठेवला, आठवेल तेवढं लिहिलं, आणि हेच पुन्हा एकदा केलं. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारा गट पुढे निघाला, अगदी चाचणीतच नकाशा काढायला सांगितला तेव्हासुद्धा. हे वाचून नकाशे टाकून द्यावेत असं वाटू शकतं. पण त्याच दोघांनी 2014 मध्ये दाखवलं की मजकूर बाजूला ठेवून, आठवून नकाशा काढला तर तोही आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी पडतो. ते विद्यार्थी मोठे होते, तुमचे सहावीतले आहेत, तेव्हा सगळं जसंच्या तसं उचलू नका. पण क्रम बदलून पाहायला हरकत नाही: पहिलं वाचन, पुस्तक बंद, आठवेल तसा कच्चा नकाशा, मग पुस्तक उघडून दुसरं वाचन आणि दुरुस्ती. दुसऱ्या वाचनाला मुलं काहीतरी शोधत येतात, कारण कुठला बाण रिकामा राहिला हे त्यांना माहीत असतं. ‘पुन्हा वाचा’ असं आपण नेहमी सांगतो, मुलं पुन्हा वाचतात आणि पहिल्यासारखंच वाचतात. इथे तसं होत नाही.

दुरुस्तीनंतर शेजारच्याशी अदलाबदल. दोघांचे बाण वेगळे असतील तर भांडू द्या, फक्त ‘उताऱ्यात कुठे लिहिलंय ते दाखव’ एवढी अट घाला. या पाच मिनिटांत तुम्ही वर्गात फिरा आणि ऐका. नोव्हाकना मुलाखतींच्या गठ्ठ्यातून जे हवं होतं ते तुम्हाला इथे बाकाबाकांवर मिळेल.

नकाशाला गुण देऊ नका. दिलेत की सुबकपणा परत येतो. त्याऐवजी नकाशावरून तीन-चार वाक्यांचं उत्तर लिहून घ्या आणि गुण त्या उत्तराला द्या. प्रत्येक बाण हे एक वाक्य आहे, त्यामुळे उत्तर जवळजवळ तयारच असतं. उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवण्याची सवय इथे मोडते, कारण समोर उतारा नसतो, स्वतःच्या शब्दांतले बाण असतात. एखाद्याचा नकाशा भरगच्च आणि उत्तर पोकळ आलं, तर तो नकाशा शेजाऱ्याचा आहे असं समजा!

मोबाइलवरची नकाशे काढायची अॅप्स सध्या नकोत. बोटांचा वेळ बटणं शोधण्यात जातो आणि रेघ आपोआप जोडली जाते, बाणावर न लिहिता पुढे जायची सोय होते.

मुख्याध्यापकांना आकडेवारी हवी असेल तर सांगा की 2006 मध्ये नेस्बिट आणि अडेसोपे यांनी चौथीपासून महाविद्यालयापर्यंतचे 55 अभ्यास एकत्र तपासले होते, त्यांत मिळून 5,818 विद्यार्थी होते. नकाशांचा शिकण्याला फायदा होतो असंच त्यात दिसलं, पण कुठे थोडा, कुठे भरपूर. नकाशा कसा वापरला आणि दुसऱ्या गटाला काय करायला दिलं होतं यावर ते अवलंबून होतं. तुम्ही दोन-तीन महिने बाणांच्या पद्धतीने करून बघा आणि त्याआधी एक साधी नोंद ठेवा. आत्ताच एक अनोळखी उतारा द्या, ‘का’ आणि ‘तर काय होईल’ असे चार प्रश्न विचारा, उत्तरपत्रिका कपाटात ठेवा. नंतर तेवढ्याच अवघड नव्या उताऱ्यावर तसेच चार प्रश्न. मुख्याध्यापकांपुढे रंगीत वह्यांऐवजी हे दोन गठ्ठे ठेवा. फरक पडला नसेल तर मला पुन्हा लिहा, पण तेव्हा नकाशांबरोबर मुलांच्या उत्तरांचे फोटोही पाठवा.

आणि परीक्षेत एवढा वेळ कुठून आणायचा, असं कुणी पालक विचारतीलच. परीक्षेत पूर्ण नकाशा काढायचा नसतो. कच्च्या कामाच्या कोपऱ्यात दोन चौकटी आणि एक बाण, तोही फक्त ज्या प्रश्नावर गाडी अडली त्याच्यापुरता.